ऊन भाजतें तें कशानें?

होळी जळाली, थंडी पळाली, असें आपल्याकडे म्हणतात. फाल्गुनी पौर्णिमा उलटली, कीं घरोघर नवे माठ भरले जातात, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लागतात, ताक आणि पन्हें यांची आठवण होऊं लागते. हे सारे उपाय उष्णतेवरचे आहेत आणि ते योग्यच आहेत. परंतु उन्हानें मनुष्याची कातडी जी करपते, ती उष्णतेनें करपत नाहीं, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत असते. चुलीच्या धगीनें लाल झालेला चेहरा घटकाभरांत पूर्ववत् होतो. उलट समुद्रावरील गार वाऱ्यांत दिवसभर उघड्या अंगानें वावरलेल्या गोऱ्या खलाशाची कातडी संध्याकाळीं चुरचुरूं लागते, आणि चार दिवसांनीं तिचे पापुद्रे निघतात. वाऱ्यानें अंग थंड राहिलें, मग भाजलें कशानें? या साध्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास मानवजातीला शंभर वर्षें लागलीं, आणि तें मिळेपर्यंतच्या काळांत सूर्याविषयींच्या चुकीच्या कल्पनांनीं अनेकांचें नुकसान केलें.

हा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू होतो. इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचा सप्तरंगी पट्टा पाडला आणि त्यांत उष्णतामापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांना कांहींच दिसत नाहीं तेथें, पारा सर्वांत अधिक चढला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८०१ मध्यें, जर्मनींतील येना येथें योहान रिटर यानें त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाचा शोध घेतला. प्रकाशानें काळा पडणारा चांदीचा एक क्षार त्यानें जांभळ्या रंगाच्या पलीकडील अंधाऱ्या भागांत ठेवला, तों तो इतर कोठल्याहि रंगापेक्षां लवकर काळा पडला. अशा रीतीनें सूर्याच्या किरणांत दिसणाऱ्या प्रकाशाच्या दोन्हीं बाजूंस दोन अदृश्य भावंडें आहेत असें ठरलें. एक उष्णता देणारें, आणि दुसरें उष्णतेचा भास न होऊं देतां पदार्थांत बदल घडवून आणणारें. या दुसऱ्यासच आज अतिनील किरण म्हणतात. मात्र त्यांचा माणसाच्या कातडीशीं कांहीं संबंध असेल, हें तेव्हां कोणाच्या स्वप्नींहि नव्हतें.

तो संबंध सुचविणारा पहिला प्रयोग लंडनचे प्रख्यात शस्त्रवैद्य सर एव्हरर्ड होम यांनीं १८२० सालीं स्वतःच्या हातांवर केला. त्यांना कोडें असें पडलें होतें, कीं काळा रंग उष्णता अधिक शोषून घेतो. मग उष्ण प्रदेशांतील लोकांना निसर्गानें काळी कातडी कां द्यावी? ऐन दुपारीं त्यांनीं दोन्हीं हात उन्हांत धरले. एक उघडा ठेवला, दुसऱ्यावर काळें कापड घातलें, आणि दोहोंवर उष्णतामापक ठेवले. काळ्या कापडाखालीं पारा अधिक चढला. तरी तो हात जसाच्या तसा राहिला, आणि जो हात तुलनेनें थंड होता तोच भाजून निघाला. प्रयोग पुन्हां पुन्हां केला, तरी निकाल तोच! कातडी भाजणारी वस्तु उष्णतेहून वेगळी आहे, आणि काळा रंग हें तिच्याविरुद्धचें कवच आहे, एवढें यावरून स्पष्ट झालें. परंतु ती वस्तु कोणती, तें होम यांना सांगतां आलें नाहीं.

१८५८ मध्यें पॅरिसच्या शार्को या वैद्यानें आणखी एक पुरावा पुढें आणला. विजेच्या प्रखर ज्योतीनें पदार्थ वितळविण्याचा प्रयोग करणाऱ्या दोघां रसायनशास्त्रज्ञांचे चेहरे ऊन लागल्याप्रमाणें लाल झाले होते. वस्तुतः ते उभे होते तेथवर ज्योतीची आंच फारशी पोहोंचत नव्हती. शेवटचा निर्णय १८८९ सालीं स्वीडनमधील नेत्रवैद्य यूहान विडमार्क यांनीं दिला. त्यांनीं विजेच्या दिव्याचा प्रकाश पाण्यांतून नेऊन त्यांतील उष्णता काढून टाकली. तरी कातडी भाजली. मग अतिनील किरण अडविले. तेव्हां मात्र कातडीला कांहीं झालें नाहीं. होम यांच्या हातावरील कोडें एकूणसत्तर वर्षांनीं सुटलें.

याच सुमारास डेन्मार्कमध्यें नील्स फिन्सेन या तरुण वैद्यानें आपल्या हातावर काळ्या शाईचा एक पट्टा ओढून तो हात उन्हांत धरला. शाई धुतल्यावर पट्ट्याखालची कातडी पांढरी राहिलेली, आणि दोन्हीं बाजूंची लाल झालेली दिसली. कांहीं दिवसांनीं ती लाली जाऊन तेथें सांवळा रंग चढला. मग फिन्सेननीं शाई न लावतां तोच हात पुन्हां उन्हांत धरला. आतां सांवळा भाग बचावला आणि पूर्वींचा पांढरा पट्टा भाजला. कातडीचें सांवळेपण म्हणजे शरीरानें स्वतःच उभारलेली छत्री होय, हें या लहानशा प्रयोगानें ठरलें. पुढें याच किरणांचा उपयोग करून त्यांनीं चेहरा विद्रूप करणारा त्वचेचा क्षय बरा केला. १९०३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें, आणि १९०४ मध्यें, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, दीर्घ दुखण्यानें त्यांचा अंत झाला.

ज्ञान झालें म्हणजे शहाणपण आपोआप येतें असें नाहीं. उष्ण प्रदेशांत राज्य करणाऱ्या गोऱ्या लोकांनीं या शोधाचा भलताच अर्थ घेतला. हे अदृश्य किरण कवटी व पाठीचा कणा भेदून आंत शिरतात आणि मेंदू बिघडवितात, अशी त्यांची समजूत झाली. सोला नांवाच्या पाणवनस्पतीच्या भेंडाची जाड टोपी हिंदुस्थानांतील इंग्रजाच्या डोक्यावर आधींपासून होतीच. आतां ती न घालतां बाहेर पडणें म्हणजे मरणाला आमंत्रण देणें, असें तो मानूं लागला. पाठीच्या कण्यावर कापडाची जाड गादीहि बांधीत. अमेरिकन लष्करांतील वैद्य चार्ल्स वुड्रफ यांनीं १९०५ सालीं या भीतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या मताच्या प्रभावानें फिलिपाइन्समधील अमेरिकन सैनिकांना, किरण अडावेत म्हणून, नारिंगी-तांबड्या रंगाचीं अंतर्वस्त्रें देण्यांत आलीं! वर्षभर सुमारें पांचशें सैनिकांनीं तीं वापरलीं आणि तितक्याच सैनिकांनीं नेहमींचे पांढरे कपडे वापरले. १९१० मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला: रंगीत कपड्यांनीं लाभ कांहीं झाला नाहीं, उकाडा मात्र वाढला. अतिनील किरण कातडीच्या वरच्या थरांतच अडतात, ते मेंदूपर्यंत पोहोंचत नाहींत. आणि उष्माघात होतो तो शरीरांतील उष्णता बाहेर न पडल्यानें, हें हळूहळू सर्वांना पटलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्या भेंडाच्या टोपीचा दरारा संपला.

भीतीचें हें एक टोक. आसक्तीचें दुसरें टोकहि त्याच काळांत दिसतें. सूर्यप्रकाश सर्वस्वीं शत्रु नव्हे, हें मुडदुसाच्या रोगानें शिकविलें. १९१९ सालीं बर्लिनमध्यें कुर्ट हुल्डशिन्स्की यांनीं वांकड्या पायांच्या मुलांना अतिनील किरण देऊन त्यांचीं हाडें बळकट केलीं. आपल्या नाशिक शहराचाहि या इतिहासांत वांटा आहे. १९२२ मध्यें हचिसन व शहा या दोघांनीं तेथील पाहणी प्रसिद्ध केली. पडदा पाळणाऱ्या सधन घरांत खाण्यापिण्याची ददात नसतांहि मुडदूस आढळे. आणि हलक्या अन्नावर वाढणाऱ्या, पण उघड्यावर हिंडणाऱ्या गरिबांच्या मुलांत तो क्वचितच दिसे. जें औषध अंगणांत फुकट पडलें होतें, तें बंद दाराआडच्या मुलांना मिळत नव्हतें. कातडीवर ऊन पडलें कीं शरीर ड जीवनसत्त्व तयार करतें, हें त्याचें कारण होय.

स्वित्झर्लंडमध्यें लेझां या पर्वतग्रामीं ऑग्यूस्त रोलिए यांनीं १९०३ पासून हाडांच्या क्षयाच्या रोग्यांना ऊन देण्याचें रुग्णालय चालविलें. त्यांची शिस्त लक्षांत ठेवण्याजोगी आहे. पहिल्या दिवशीं फक्त पावलें, तींहि थोडीं मिनिटें. मग दिवसागणिक गुडघ्यापर्यंत, मांड्यांपर्यंत, असें चढत जावयाचें. डोकें सदैव सावलींत. कातडीला स्वतःची छत्री उघडण्यास वेळ द्यावा, हें त्यामागचें तत्त्व. परंतु जनसमूहानें ऊन तेवढें घेतलें, आणि शिस्त मागें ठेवली. पहिल्या महायुद्धानंतर युरोपांत करपलेली कातडी ही सुखवस्तूपणाची खूण ठरली. १९३६ सालीं फ्रान्समध्यें कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यानें मिळाली, समुद्रकिनारे माणसांनीं फुलले, आणि त्याच सुमारास रसायनशास्त्रज्ञ यूजीन श्युलर यांनीं अंगाला फासावयाचें तेल बाजारांत आणलें.

धोक्याची घंटा मात्र त्यापूर्वींच वाजली होती. हांबुर्गचे त्वचावैद्य उन्ना यांनीं १८९४ मध्यें खलाशांच्या चेहऱ्यावरील व हातांवरील जाड, डागाळलेली कातडी आणि तींतून उद्भवणारा कर्करोग यांचें वर्णन केलें होतें. बोर्दो येथील द्युब्रय यांना द्राक्षमळ्यांत राबणाऱ्यांत तोच प्रकार आढळला. १९२८ सालीं लंडनमध्यें फिंडले यांनीं अतिनील किरणांनीं उंदरांच्या कातडीवर कर्करोग उत्पन्न करून दाखविला. १९६८ मध्यें जेम्स क्लीव्हर यांच्या संशोधनानें त्याचें मर्म उकललें. हे किरण पेशींतील आनुवंशिक धाग्याला इजा करतात आणि निरोगी शरीर ती रोज दुरुस्त करतें. ज्यांच्यांत ही दुरुस्तीची शक्ति जन्मतः नसते, त्यांना लहानपणींच त्वचेचा कर्करोग गांठतो. इतरांच्या बाबतींतहि दुरुस्तींतून सुटलेल्या चुका वर्षानुवर्षें सांचत जातात. उन्हाचें कर्ज असें थोडें थोडें चढतें, आणि सावकार फार उशिरां दारीं येतो. ऑस्ट्रेलियांत गोऱ्या वसाहतवाल्यांच्या वंशजांवर तो असा आला, कीं १९८१ सालीं तेथें सदरा घाला, लेप लावा, टोपी चढवा, असा सोपा संदेश घरोघर पोहोंचवावा लागला.

आतां आपल्या प्रांताकडे वळावें. आपल्या सांवळ्या वर्णामुळें त्वचेचा कर्करोग येथें गोऱ्या लोकांइतका आढळत नाहीं, हें खरें. पण छत्री आहे म्हणून पाऊस मुळींच लागत नाहीं, असें नव्हे. वांग, सुरकुत्या, डोळ्यांतील मोतीबिंदु यांत उन्हाचा हात असतोच. शिवाय ज्यांना ही छत्री मिळालीच नाहीं अशीं माणसें आपल्यांतहि आहेत. जन्मतः ज्याच्या कातडींत व केसांत रंग नाहीं असें मूल प्रत्येक तालुक्यांत कोठें ना कोठें असतें. अशा मुलाला दुपारच्या उन्हांत शाळेच्या मैदानावर उभें करणें, किंवा लहान वयांत शेतावर राबविणें, ही अजाणतां केलेली क्रूरता होय. लांब बाह्यांचा सदरा, रुंद कांठाची टोपी आणि वर्गांत सावलीची जागा, एवढें दिलें तरी त्याचें आयुष्य वाढेल. पांढऱ्या कोडाचे डाग असलेल्यांनाहि हीच काळजी हवी.

उन्हाळ्यापूर्वीं सावध व्हावयाचें तें याच दृष्टीनें. उष्णता मे महिन्यांत शिगेला पोहोंचते. परंतु अतिनील किरण सूर्याच्या उंचीवर अवलंबून असतात, आणि आपल्या प्रांतांत सूर्य मार्चच्या तिसऱ्या आठवड्यांतच माध्यान्हीं बराच वर चढलेला असतो. हवा सुखाची वाटते तेव्हांच कातडी भाजूं लागते. थंड हवेच्या ठिकाणीं जाणारा तर दुप्पट फसतो. कारण दर हजार मीटर उंचीस हे किरण सुमारें दहा टक्क्यांनीं वाढतात. महाबळेश्वरच्या गार झुळकींत छत्रीची आठवण कोणाला होते? पण तेथेंच ती अधिक हवी. पातळ ढगांतूनहि हे किरण पुष्कळसे उतरतात. चंदनाच्या उटीनें किंवा खोबरेलानें कातडीला बरें वाटतें. पण तीं ढाल नव्हेत. जस्ताच्या भस्माचा पांढरा लेप व आजचीं तज्ज्ञांनीं पारखलेलीं मलमें हे किरण अडवितात; तरी तीं पुन्हां पुन्हां लावावीं लागतात, आणि घट्ट विणीच्या कापडाची सर त्यांना येत नाहीं. शेतकऱ्याचें मुंडासें, पूर्ण बाह्यांची बाराबंदी, डोक्यावरून घेतलेला पदर आणि दुपारची झाडाखालची विश्रांति, ही जुनी रीत कोणत्याहि प्रयोगशाळेनें सांगितलेली नव्हती. तरी आजचें शास्त्र तिला मान्यताच देतें.

राहिला प्रश्न वेळेचा. त्यासाठीं घड्याळाचीहि गरज नाहीं. आपली सावली आपल्या उंचीहून लांब असेल, तर ऊन सौम्य आहे. मुलांनीं खुशाल खेळावें, वृद्धांनीं बसावें, हाडांना त्याची गरजच आहे. सावली उंचीहून आंखूड झाली, कीं आडोसा पाहावा. मे महिन्याच्या मध्यास मुंबई-पुण्याकडे सूर्य माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो आणि क्षणभर सावली पायांखालीं लपते. तेव्हां हे किरण वर्षांतील सर्वांत तीव्र असतात. हर्शेल आणि रिटर यांना जें पाहण्यासाठीं लोलक लागला, होम आणि फिन्सेन यांना जें शोधण्यासाठीं स्वतःचे हात भाजून घ्यावे लागले, तें सांगणारी खूण प्रत्येकाच्या पायाशींच पडलेली आहे. खालीं पाहून ती ओळखण्याची संवय मात्र लहानपणींच लागावयास हवी.