करुणेचे निवेदन कोणाचे?

'वेस्टर्न' परंपरेतील 'द सर्चर्स'मध्ये (१९५६) जॉन फोर्डने कोमांची प्रमुखाची भूमिका बर्लिनमध्ये जन्मलेल्या हेन्री ब्रँडनला दिली. टोळी उभी केली ती मॉन्युमेंट व्हॅलीतील नवाहोंची. 'शायेन ऑटम'मध्ये (१९६४) त्याने बाजू पालटली. १८७८ साली राखीव प्रदेश सोडून मायभूमीकडे निघालेल्या शायेनांची फरफट हाच कथाविषय झाला. तरीही प्रमुखांच्या भूमिका मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो माँटलबान व गिल्बर्ट रोलंड यांनी केल्या, समूहात पुन्हा नवाहोच उभे राहिले आणि निवेदन घोडदळाच्या गोऱ्या कॅप्टनच्या तोंडी गेले. एका जमातीच्या जागी दुसरी चालते, हे गृहीतक द्वेषाप्रमाणेच करुणेतही शाबूत राहिले. प्रतिनिधित्वाची चिकित्सा म्हणूनच प्रतिमा अनुकूल की प्रतिकूल एवढ्यावर थांबू शकत नाही. त्या प्रतिमेला स्वतःचा आवाज आहे काय, हे तिने विचारले पाहिजे.