वाकड्या वाटेचा गोळा

पेणशेजारची आमची रामवाडी. गणपतीचे कारखाने जवळच, त्यामुळे मुलांच्या हाती शाडू लागायला वेळ लागत नाही. एकदा पुतण्याने रबरी चेंडूच्या एका कुशीला शाडू थापला आणि चेंडू ओटीवर घरंगळत सोडला. तो सरळ निघाला, पण वेग ओसरू लागला तसा मातीच्या बाजूला वळत गेला. या वळणावरच इंग्रजांचा एक जुना खेळ उभा आहे : लॉन बोल्स.

हिरवळीवर आधी ‘जॅक’ नावाचा छोटा चेंडू सोडतात. मग दोन्ही पक्ष आळीपाळीने आपले मोठे गोळे त्याच्या जवळ नेऊ पाहतात. प्रतिपक्षाच्या सर्वांत जवळच्या गोळ्याहून आपले जितके गोळे जॅकजवळ, तितके गुण. गोट्यांचाच थोरला भाऊ म्हणा ना! फक्त हा गोळा सरळ जातच नाही. वाटेतला गोळा चुकवून बाजूने आत शिरतो.

साउदॅम्पटनचे मैदान १२९९ पासूनचे मानतात. लोकांनी धनुर्विद्येचा सराव सोडू नये म्हणून आठव्या हेन्रीच्या १५४१ च्या कायद्याने कारागीर, मजूर व नोकरांना नाताळाखेरीज हा खेळ वर्ज्य केला. जमीनदारांना मात्र परवाना मिळे. ही बंदी १८४५ साली उठली. संख्याशास्त्रातला ‘बायस’ हा शब्दही इंग्रजीत रुळला तो या गोळ्याच्या कलामुळे.

पूर्वी गोळ्यात एका अंगाला शिसे भरत. आजही तसेच असते, असे मी एका शिक्षक-शिबिरात ठणकावून सांगितले होते. ते चूक होते. आता वजन भरत नाहीत. गोळ्याची एक बाजू किंचित निराळ्या गोलाईची ठेवतात. त्यामुळे गुरुत्वमध्य जमिनीला टेकलेल्या बिंदूच्या बरोबर वर न राहता बाजूला सरकतो. स्थिर गोळा त्या अंगाला कलंडेल. फिरणाऱ्या गोळ्याचा आस मात्र हळूहळू दिशा बदलतो. परिवलन मंदावले की तेच बल अधिक प्रभावी ठरते, म्हणून मोठे वळण शेवटी. टायर पळवणाऱ्या मुलांना हे हातानेच ठाऊक असते.

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लव्हली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी दक्षिण आफ्रिकेला १७-१० असे हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा वर्गावर्गांतून या खेळाविषयी प्रश्न आले असतील. उत्तराला चेंडू आणि चिमूटभर शाडू पुरे. माती चाकाच्या आसाच्या जागी, कुशीलाच लावावी. जमिनीला टेकता कामा नये. फरशी गुळगुळीत हवी. सारवलेल्या अंगणात आमचा प्रयोग दोनदा फसला.