डोके इंग्रजी, आटे फ्रेंच

धागा 🧵

एम.जी. टी.सी. ही इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे १९४५ ते १९४९ या काळात तयार झालेली दोन आसनी स्पोर्ट्स कार. एकूण १०,००० गाड्या बनल्या आणि त्यांतील सुमारे २,००० अमेरिकेत गेल्या. आज अशी गाडी दुरुस्तीसाठी उघडली की पहिली झुंज जाम झालेल्या बोल्टांशी असते.

या झुंजीतला एक शत्रू सर्वांच्या परिचयाचा आहे, तो म्हणजे गंज. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमधली बारीक फट ठासून भरते. त्यावरचे उपायही जुनेच आहेत: झिरपणारे तेल सोडून रात्रभर वाट पाहणे, नटाला आच देऊन तो प्रसरण पावू देणे, आणि एकदम जोर न लावता थोडे आवळून मग सैल करणे.

दुसरा शत्रू मात्र इतिहासातून आलेला आहे.

टी.सी.च्या १२५० सी.सी. इंजिनावरील ८ मिलिमीटरच्या बोल्टाला १३ चा पाना बसत नाही आणि १४ चा सैल पडून डोक्याचे कोपरे खातो. तिथे ‘१/४ व्हिटवर्थ’ असे कोरलेला पाना लागतो. त्याचे तोंड पाव इंचाचे नसून ०.५२५ इंचाचे असते, कारण व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा असतो. डोके अस्सल इंग्रजी. म्हणून दुरुस्ती करणारा आटेही इंग्रजीच समजतो. ते निघतात मेट्रिक, आणि तेही आजच्या बाजारातले नव्हेत. ८ मिलिमीटरच्या आजच्या सर्वसाधारण बोल्टाच्या दोन आट्यांमध्ये १.२५ मिलिमीटर अंतर असते. इथे ते १ मिलिमीटर आहे.

जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडमधल्या निरनिराळ्या कारखान्यांतले बोल्ट गोळा करून, त्यांची सरासरी काढून, ५५ अंशांच्या आट्यांचे एक प्रमाण सुचवले. साम्राज्याबरोबर ते सर्वत्र पसरले. (आपल्याकडचे फिटर आजही ‘तीन सुती बोल्ट’ म्हणतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग.) मग ऐन इंग्लंडात फ्रेंच आटे शिरले कसे?

उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. जर्मन सैन्य पॅरिसच्या दिशेने सरकू लागले, तेव्हा पॅरिसजवळच्या सां-दनी येथील हॉचकिस या शस्त्रनिर्मात्या कंपनीने खबरदारी म्हणून इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीत मशीनगनचा कारखाना उभारला. यंत्रसामग्री फ्रेंच मापांची होती. युद्ध संपले, मशीनगनची मागणी आटली आणि यंत्रे रिकामी पडली. त्याच सुमारास विल्यम मॉरिस आपल्या मोटारींसाठी इंजिने बनवून देणारा शोधत होता, कारण डेट्रॉइटच्या कॉन्टिनेन्टल कंपनीकडून मिळणारे इंजिन बंद झाले होते. हॉचकिसने ते काम घेतले. १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला.

यंत्रे बदलणे खर्चाचे होते, म्हणून आटे फ्रेंच राहिले. पण गावोगावच्या गॅरेजांत पाने व्हिटवर्थचे होते, म्हणून डोकी इंग्रजी केली गेली. या तडजोडीला वेडेपणा म्हणण्याची प्रथा आहे, ती अन्यायाची वाटते. आटे ही कारखान्याची बाब होती, डोके ही गिऱ्हाइकाची. मॉरिसच्या माणसांनी दोघांचीही सोय पाहिली. फक्त शंभर वर्षांनी त्या बोल्टाशी झुंजणारा माणूस त्यांच्या हिशेबात नव्हता.

त्याच्यापुढचा धोका खरा आहे. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, जवळजवळ ८. त्या जाडीच्या अमेरिकी बारीक आट्यांच्या बोल्टावर इंचात २४ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांमध्ये १.०६ मिलिमीटर अंतर. असा बोल्ट कॉव्हेंट्रीच्या इंजिनात सुरुवातीला सहज शिरतो आणि पुढे अडतो. अडल्यावर पान्याला हिसका दिला की बिडाच्या ब्लॉकमधले मूळ आटे फाटतात. आज ‘जाम’ दिसणाऱ्या बोल्टांपैकी काही गंजामुळे अडकलेले नसून, पूर्वीच्या कुणी असे दामटून बसवलेले असू शकतात. त्यांच्यावर तेल आणि आच यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून बोल्ट मोडून निघाला आणि भोकात नव्याने आटे पाडायची वेळ आली, तर आधी आटे मोजण्याची पट्टी लावून पाहावी. टॅप हाती घ्यायचा तो त्यानंतर.

दुसऱ्या महायुद्धात मापांच्या अशा गोंधळाची किंमत मित्रराष्ट्रांना मोठ्या प्रमाणावर मोजावी लागली. अखेर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी वॉशिंग्टन येथे अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी ६० अंशांच्या एकीकृत आट्यांवर सह्या केल्या. ॲबिंग्डनच्या गाड्यांत मात्र कॉव्हेंट्रीचे इंजिन १९५५ पर्यंत टिकले. त्या वर्षी आलेल्या एम.जी.ए.चे इंजिन ऑस्टिनच्या वंशातले होते आणि त्याचे आटे एकीकृत.

इंग्रजी डोक्याचे आणि फ्रेंच आट्यांचे बोल्ट आता फक्त या गाड्यांसाठी मुद्दाम बनवून घ्यावे लागतात. त्यामुळे जुना बोल्ट शाबूत निघाला, तर जाणकार तो तारेच्या ब्रशने घासून, तेल लावून, ज्या भोकातून निघाला तिथेच परत बसवतात.