फेरफार, सातबारा आणि तर्कशास्त्र

१/ १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले. जव्हार व मोखाडा तालुके पालघर जिल्ह्यात गेले. जमीन तीच, कसणारेही तेच. कागदावरचा जिल्हा मात्र बदलला. कायदे आणि सीमा बदलत असताना संगणक प्रणालीने जुने सत्य न गमावता नवे कसे स्वीकारावे?

२/ आकारिक तर्कशास्त्राचे एक उत्तर १९८६ मध्ये रॉबर्ट कोवाल्स्की आणि मारेक सर्गॉट यांनी ‘घटना-कलना’तून दिले. घटनेतून स्थिती निर्माण होते आणि दुसरी घटना ती संपवेपर्यंत टिकते.

३/ महाराष्ट्राच्या महसूल दप्तराला हा विचार परका नाही. फेरफार ही घटना, सातबारा ही स्थिती. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार नोंद खरी मानली जाते. परंतु विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा कायदेशीर नवी नोंद होईपर्यंतच.

४/ म्हणजे घटना घडण्याचा काळ वेगळा, नोंदीचा काळ वेगळा. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी दावेदाराचा ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असावा लागतो. पुराव्यांत गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही ग्राह्य आहे.

५/ घटना-कलनात उशिरा कळलेली जुनी घटना तिच्या मूळ तारखेला बसवून पुढची स्थिती नव्याने काढता येते. केवळ अखेरची नोंद जपणाऱ्या प्रणालीत ही सोय नसते. जव्हार-मोखाड्यातील वनजमीन कसणाऱ्या कुटुंबासाठी हा फरक हक्काचा आहे.