पहिलीचा प्रवेश : तीन पिढ्यांची हकिगत

संपादक मंडळाने माझ्याकडे सोसायटीचा इतिहास मागितला होता. पण पाण्याची टाकी, लिफ्टचे प्रकरण, कन्व्हेयन्स हे सगळे सचिवांच्या लेखात येणारच. म्हणून मी दुसराच इतिहास घेतला आहे. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांनी २००० साली इथेच फ्लॅट का घेतला, ते ज्याने त्याने आठवून पाहावे. बिल्डरच्या माहितीपत्रकात पार्किंगच्याही वर एक ओळ ठळक छापली होती : 'नामांकित शाळा पाच मिनिटांवर'.

आमच्या लहानपणी मुलाला शाळेत 'घालत' असत. आता ॲडमिशन 'मिळते' किंवा 'मिळत नाही'. क्रियापदच बदलले.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात १९५६ साली पहिलीत गेलो. गेलो म्हणजे काय, गुरुजीच घरी आले. पटावरची नावे वाढवायला ते मे महिन्यात घरोघर फिरत. मला म्हणाले, "उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धर बघू." कानाला बोट लागले की पोराला सहा वर्षे झाली असे धरायचे. जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नव्हती, तेव्हा गुरुजींनी १ जून लावली. अशी १ जूनची माणसे आमच्या पिढीत गावोगाव आहेत. तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशी निवृत्त होतो, त्यामुळे आमच्या बँकेत ३१ मे रोजी हारतुरे आणि नारळ कमी पडत. माझाही सत्कार त्याच दिवशी झाला, २०१० साली.

गुरुजी दारात आले त्यामागे पाऊणशे वर्षांची खटपट होती. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देऊन निदान बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्ती सुरू केली आणि १९०६ मध्ये ती सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात याचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. शाहू महाराज थांबले नाहीत. कोल्हापूर संस्थानात त्यांनी १९१७ मध्ये मोफत आणि सक्तीचे शिक्षण आणले, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया! विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ चा मुंबई इलाख्याचा कायदा झाला, नंतर १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा आला. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. पालक येत नाहीत, त्यांना आणायचे कसे, हीच सगळ्यांची काळजी. पालक येतील आणि शाळाच दार लावून घेईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नसावे.

ते दार मी १९८४ साली पाहिले. बदली होऊन पुण्यात आलो होतो, मुलगा सहा वर्षांचा. घराजवळ महानगरपालिकेची शाळा होती, तिथे जागा भरपूर. पण मध्यमवर्ग याच सुमारास पालिकेच्या शाळांतून काढता पाय घेत होता. ऑफिसात सगळे म्हणाले, "अमुक शाळेत घाला, नाहीतर पोराचं काही खरं नाही." त्या अमुक शाळेच्या फाटकापाशी पहाटे चारला रांग लागे. थर्मास, सतरंज्या, कोणाच्या जागी कोणाचा भाचा उभा. फॉर्म मिळाला, मुलाखत झाली. मुलाची दोन मिनिटे, आमची वीस. मग एका कारकुनाने हळूच इमारत निधीचा आकडा सांगितला. माझ्या दीड महिन्याच्या पगाराएवढा होता. पावती 'ऐच्छिक देणगी' अशी मिळणार होती. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला 'ऐच्छिक' या शब्दाचे वेगवेगळे अर्थ ठाऊक असतात. मी नमस्कार करून उठलो, आणि मुलाला दुसऱ्या एका अनुदानित मराठी शाळेत घातले. तो शिकला, चांगला शिकला. असल्या देणग्यांना बंदी करणारा राज्याचा कायदा १९८७ चा, म्हणजे आमच्यानंतरचा.

आपण इथे राहायला आलो त्याच वर्षी, शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळात, पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. मराठी शाळा त्याने टिकतील असे पुष्कळांना वाटले. त्यावर स्वतंत्र लेख होईल. आपल्या इमारतीतली किती नातवंडे आज मराठी माध्यमात आहेत ते मोजायला एका हाताची बोटे पुरतात, एवढेच नोंदवतो.

घटनेत २००२ साली दुरुस्ती होऊन ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्याचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. आपण याला आरटीई म्हणतो. प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची परीक्षा, मुलाखत घ्यायची नाही. घेतली तर पहिल्या वेळी २५ हजार दंड, पुढे प्रत्येक वेळी ५० हजार. आणि खासगी विनाअनुदानित शाळांनी २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हे वैध ठरवले. महाराष्ट्रात या जागांची ऑनलाइन सोडत निघते. एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना पहिली पसंती, मग तीन किलोमीटर. अर्ज भरताना नकाशावर आपल्या घराची खूण करावी लागते. कानाला हात लावायच्या जागी आता पत्ता आला.

इथे आपल्या सोसायटीचा संबंध येतो. आपल्या फाटकाबाहेर इस्त्रीची टपरी आहे. त्या भाऊंची मुलगी २०१९ मध्ये सहा वर्षांची झाली. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला होता, एक लाखाच्या आत. पण मागच्या वस्तीत ज्या खोलीत हे कुटुंब नऊ वर्षे राहत होते, तिच्या पत्त्याचा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता; आधार, रेशनकार्ड सगळे गावचे. चालणार होता तो नोंदणीकृत भाडेकरार. खोलीमालक म्हणे, "कागद केला की खोली गेली."

बी विंगमधल्या वकीलबाईंनी त्याला शांतपणे समजावले : १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदलेला हवा, नसेल, तर वादात भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरून सुरुवात होते. म्हणजे कागद न करण्यातच धोका. हे त्याला पटले. नोंदणी फी एक हजार आणि थोडे मुद्रांक शुल्क. चार घरांनी वाटून घेतले.

त्याच महिन्यातल्या सभेत हा विषय निघाला. एक सभासद म्हणाले, आमच्या फीतून यांची पोरे शिकणार. हे अगदीच उडवून लावण्यासारखे नाही. या जागांचे पैसे सरकारने शाळांना द्यायचे असतात आणि ते थकतात, ही शाळांची खरी तक्रार आहे. थकलेले पैसे कुठून तरी भरून काढले जातात. पण ते देणे सरकार आणि शाळा यांच्यातले. सहा वर्षांच्या मुलीकडून वसूल करायचे नव्हे, असे मी बोललो आणि ते इतिवृत्तात आहे.

पहिल्या यादीत तिचे नाव नव्हते. प्रतीक्षा यादीतून जुलैमध्ये लागले. आपल्या पाच मिनिटांवरच्या शाळेतच.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलला होता : एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. पुण्यासारख्या शहरात याचा अर्थ जवळजवळ सगळ्याच शाळांना सूट. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलैत तो बदल रद्द केला. तो टिकला असता, तर त्यानंतर आपल्या फाटकाबाहेरच्या एकाही मुलाला ही वाट उरली नसती.

मुलगी आता सातवीत आहे. गणित चांगले आहे. रविवारी माझ्याकडे येते, मलाही वेळ जातो. कायद्याने मोफत शिक्षण आठवीपर्यंतच. जून २०२७ मध्ये ती नववीत जाईल, आणि त्या शाळेची नववीची पूर्ण फी टपरीच्या कमाईत बसणारी नाही. परवा तिची आई विचारत होती, "काका, नववीला परत सोडत असते का हो?" नसते, असे मला सांगावे लागले. जवळच्या दोन अनुदानित शाळांत नववीला जागा निघतात का, ते या दिवाळीनंतर वकीलबाई आणि मी जाऊन विचारणार आहोत.