नकाशाचे वाचन : हिंगणघाट ते मेंढा

हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ करणारा विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्याने हे काम सुरू केले होते. अर्ध्या टनाचे थिओडोलाइट वाहून नेत, टेकड्यांवरून आणि मंदिरांच्या शिखरांवरून कोन मोजत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जाताना वाटेतच त्याचा अंत झाला. हिंगणघाटपासून आग्नेयेकडे निघाले की चांद्याचा मुलूख लागतो. वैनगंगेपलीकडच्या त्या अरण्याने मोजणीदारांना दीर्घकाळ दाद दिली नाही, आणि त्याच अरण्यात एकविसाव्या शतकात नकाशाचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. १८६९ मध्ये मेजर ल्युसी-स्मिथचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल आला. महसुलापाठोपाठ वनकायदे आले : १८६५, १८७८, १९२७. जमीनदाऱ्यांतील जंगले १९५१ नंतर सरकारजमा झाली. या सगळ्यात अरण्याची भाषाच बदलली, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. गोंडी माणसाच्या बोलण्यात टेकडीला, नाल्याला, देवस्थानाला स्वतःचे नाव असते. वनखात्याच्या कार्य आयोजनेत तीच जागा 'कक्ष क्रमांक अमुक' होते. क्रमांकाला स्मृती नसते. हिशेबासाठी ती सोयच. मात्र ज्याचा हक्क त्या नावाशी बांधलेला आहे, त्याने कागदावर स्वतःला शोधायचे कुठे?

पुढचा टप्पा आकाशातून आला. १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था स्थापन झाली आणि १९८७ पासून उपग्रहचित्रांवर आधारलेले तिचे अहवाल येऊ लागले. १९८८ मध्ये नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र उभे राहिले. १९८२ मध्ये चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा या चित्रांत गर्द हिरवा दिसतो. २०१९च्या अहवालानुसार त्याचे सुमारे ६९ टक्के क्षेत्र वनाच्छादित आहे. परंतु 'वनाच्छादन' या शब्दाची व्याख्या वाचली पाहिजे. एक हेक्टर किंवा अधिक जमीन, तिच्यावर किमान दहा टक्के छत्र. मालकी कोणाची, झाडे कोणती, याचा विचार नाही. या कामी वापरलेल्या चित्रातील एक ठिपका साडेतेवीस मीटर बाजूचा, म्हणजे साधारण साडेपाच गुंठ्यांचा. मोहाची झाडे राखून त्यांच्या आजूबाजूला धान पिकवणाऱ्याची बांदी त्या ठिपक्यात सहज हरवते. यात उपग्रहाचा दोष नाही. त्याला छत्र दिसते, वहिवाट दिसत नाही, इतकेच.

म्हणूनच २००६चा वनहक्क कायदा आणि त्याचे २००८चे नियम मला एखाद्या समीक्षाग्रंथाइतके वाचनीय वाटतात. पुराव्यांच्या यादीत गॅझेटियर, जमाबंदी अहवाल, नकाशे, उपग्रहचित्रे ही सरकारी साधने आहेतच. पण त्याच यादीत पूर्वापार खुणा आहेत, आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही आहे. मौखिक परंपरेला आपल्या विद्यापीठांनी जेवढा मान दिला नाही तेवढा एका नियमावलीने दिला! शिवाय दाव्याचा नकाशा ग्रामसभेच्या वनहक्क समितीने करायचा, ओळखू येतील अशा खुणा दाखवून. म्हणजे नकाशाचा कर्ता बदलला.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने हे कर्तेपण आधीच कमावले होते. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्याची घोषणा. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही त्या प्रवासातली परिचित नावे. ऑगस्ट २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्याच महिन्यात इस्रोने 'भुवन' हे उपग्रहचित्रांचे संकेतस्थळ खुले केले. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही, तरी त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. हक्क मिळूनही बांबू गावाबाहेर नेण्याचा परवाना मिळेना. तो तिढा २७ एप्रिल २०११ रोजी सुटला, तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले होते. सीमा आखली गेली तरी सत्ता आपोआप येत नाही, हे त्या दोन वर्षांत उघड झाले.

यंत्राचा पुरावा माणसाच्या विरुद्ध वापरला जाण्याची भीतीही खोटी नव्हती. गुजरातमध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे दावे फेटाळले गेले. २०१३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले. २०१२च्या सुधारित नियमांत स्पष्टच म्हटले होते, की अशी चित्रे इतर पुराव्यांना पूरक ठरतील, पर्याय नव्हेत. तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आणि भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाद्वारे पाहणी करवून घेण्याचा आदेश दिला. निष्कासनाला २८ फेब्रुवारीला स्थगिती मिळाली. मधल्या पंधरा दिवसांत वनगावांवर काय दडपण असेल, याची कल्पना शहरात बसून करता येणे कठीण.

तंत्रज्ञानाला नाके मुरडण्याची आपल्या वर्तुळातली सवय मला मान्य नाही. जीपीएस यंत्र हाती आल्यावर ग्रामसभेला आपली शीव स्वतः चालून नोंदवता येते. लॅम्बटनच्या काळी त्यासाठी हत्ती आणि शिपाई लागत. २०२१च्या मार्गदर्शक सूचना आणि २०२२चे राष्ट्रीय भूस्थानिक धोरण यांनी नकाशे करण्यावरची जुनी बंधने बरीच सैल केली. प्रादेशिक नियोजनात हे गावनकाशे धरायचे की नाही, हा मात्र राजकीय निर्णय आहे. खाणी, रस्ते आणि व्याघ्रक्षेत्रे यांचे थर एकावर एक ठेवले जातात, तेव्हा निस्ताराचा थर कोणी टाकायचा?

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवर हक्क मिळाला. ग्रामसभेने बांबूवर उपजीविका उभी केली. तेंदूपानासाठी झाडे छाटली जातात आणि आगी लागतात, म्हणून हातचे उत्पन्न सोडून तेंदूची तोडणी थांबवली. चौतीस हेक्टरांच्या आसपासचा एक भाग काहीही न काढता राखून ठेवला. वन सर्वेक्षणाच्या नकाशात रंग ठरतात ते घनतेनुसार : अतिघन, मध्यम घन, विरळ, झुडपी. गावाने राखलेले, असा वर्ग त्यात नाही.