शिंदी आणि खजुरी : एका जुन्या घोटाळ्याचा उलगडा

हिवाळ्यांत नाशिक जिल्ह्यांतील निफाडकडे पारा चार-पांच अंशांपर्यंत, प्रसंगीं त्याहूनहि खालीं उतरतो. कोंकणांत डौलानें वाढणारा नारळ अशा गारठ्यांत खुंटतो. बंगल्यापुढें ताडाच्या कुळांतील एखादें झाड असावें अशी हौस असलेल्या गृहस्थाची दृष्टि मग शिंदी, खजुरी किंवा कॅनरी बेटांतून आलेली परदेशी खजुरी यांकडे वळते. तिघी एकाच वंशांतल्या. तिघींचीं पानें पिसांसारखीं, तिघींच्या देठाशीं तीक्ष्ण कांटे. आणि रोपें लहान असतां मुरलेल्या माळ्याचीहि फसगत व्हावी इतकें त्यांचें साम्य.

हा घोटाळा आजकालचा नव्हे. संस्कृतांत खर्जूर हें एकच नांव अनेक जातींना चाले. सोळाव्या शतकांतील ‘भावप्रकाश’ ग्रंथानें भूमिखर्जूरी आणि पिंडखर्जूरी असा भेद केला व दुसरी पश्चिमेकडील देशांत होते असें नमूद केलें. पुढें मलबारांतील डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याचा बारा खंडांचा वनस्पतिग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत छापला गेला. त्यांतील रानटी जातीच्या आधारें लिनिअसनें १७५३ सालीं शिंदीला खजुरीच्या वंशांतून वगळून ‘एलाते’ या निराळ्याच वंशांत बसविलें. तिला पुन्हां खजुरीच्या घरांत आणलें तें कलकत्त्याच्या बागेचा अधीक्षक विल्यम रॉक्सबर्ग यानें. तेव्हांपासून ती ‘फीनिक्स सिल्व्हेस्ट्रिस’, म्हणजे रानांतली खजुरी, झाली. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील फादर ब्लॅटर यांनीं १९२६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत हिंदुस्थान व सिलोनमधील या साऱ्या कुळाची तपशीलवार ओळख करून दिली.

ओळखीच्या खुणा तशा सोप्या आहेत. खजुरीच्या बुंध्याशीं पिलें फुटतात. शिंदी व कॅनरी या एकट्याच वाढतात. खजुरीचीं पानें राखट व ताठ. शिंदीच्या पानावरील पाती झुपक्यांनीं, निरनिराळ्या दिशांना वळलेल्या. कॅनरीचा बुंधा सर्वांत जाड, आणि तिचा गर्द हिरवा माथा दुरूनहि डोळ्यांत भरतो. शिंदीचें फळ जेमतेम इंचभर; त्यांत गर थोडा व बी मोठें.

शिंदीचें दुर्दैव मात्र तिच्या रसांत आहे. बंगालमध्यें याच झाडाच्या हिवाळी रसाचा गूळ होतो व तो आवडीनें खाल्ला जातो. महाराष्ट्रांत तो रस आंबवून प्यालेला. म्हणून शिंदी या शब्दानें झाडाआधीं दारूच आठवते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें तिच्या छेदणीवर सरकारचा ताबा आला. १९३० च्या सत्याग्रहांत सुरत जिल्ह्यांत अशीं झाडें तोडलीं गेलीं. आणि १९४९ सालीं मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा झाला. माणसाच्या व्यसनाचा ठपका झाडाच्या माथीं बसला, आणि घरापुढें शिंदी लावणें प्रतिष्ठेचें राहिलें नाहीं.

परंतु निवड करतांना प्रतिष्ठेपेक्षां पाऊस पाहावा. खजुरी थंडी सोसते. पण तिचें फळ पिकण्याच्या सुमारासच पावसाळा सुरू होतो व फळ कुजतें. कच्छमधील बागाइतदार जून-जुलैमध्यें पूर्ण पिकण्यापूर्वींच घड उतरवितात, तें यामुळेंच. शिवाय या वंशांत नर व मादी झाडें निराळीं असून, जवळच्या जातींचा संकर सहज होतो. म्हणून बी पेरून वाढविलेलें रोप मादीच निघेल किंवा आईसारखें गोड फळ देईल, याची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं. ज्याला फळ हवें त्यानें खात्रीच्या मादी झाडाचें पिलूंच आणावें. ज्याला नाशिकची थंडी व पाऊस दोन्ही सोसून पिढ्यान्‌पिढ्या टिकणारें झाड हवें, त्यानें परक्या पाहुणीच्या शोधांत दूर जाण्याचें कारण नाहीं. ती ओढ्याकांठीं केव्हांचीच उभी आहे.